शिट्टी विझते तिथला आकडा

हौशी रेडिओच्या एफएम ट्रान्समीटरचं डेव्हिएशन मोजायला जुना व्हॉल्व्हचा कम्युनिकेशन रिसीव्हर आणि एक ऑडिओ ऑसिलेटर पुरतो. क्रिस्टल फिल्टर अरुंद करून बीएफओ लावला की कॅरियरची शिट्टी ऐकू येते. मग ट्रान्समीटरला २०७९ हर्ट्झचा शुद्ध स्वर द्यायचा आणि त्याची पातळी शून्यापासून सावकाश चढवायची. शिट्टी बारीक होत एका जागी पार विझते. ट्रान्समीटर पूर्ण जोरात चालूच असतो, फक्त त्याची सगळी शक्ती साइडबँडांत गेलेली असते. या पहिल्या विझण्याला डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ असतं. पातळी आणखी चढवली तर शिट्टी परत येऊन पुन्हा विझते, म्हणून सुरुवात शून्यापासूनच हवी.

२०७९ ला २.४०५ ने गुणलं की ५००० येतात. या २.४०५ चं कूळ शोधताना मी थेट ग्रहगणितात पोचलो.

रेडिओतले टप्पे सर्वांना ठाऊक आहेत : १९२२ मध्ये कार्सनचं गणित, १९३३ मध्ये आर्मस्ट्राँगची पेटंटं, १९४० मध्ये आरसीएच्या क्रॉस्बीने मांडलेली ही मोजणी. पण २.४०५ हा बेसेल फलनाचा पहिला शून्यबिंदू, आणि फ्रीडरिश बेसेल हा क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेतला खगोलवेत्ता. ग्रहांच्या गतीतले फेरफार मोजताना १८२४ मध्ये त्याने ही फलनं पद्धतशीर मांडली.

इथे गणिताचे इतिहासकार हरकत घेतात. डॅनियल बर्नुलीने १७३० च्या दशकातच टांगलेल्या साखळीच्या हेलकाव्यांत हे फलन गाठलं होतं. साखळीच्या सर्वांत संथ हेलकाव्याशी जुळणारा साधा लंबक तिच्या लांबीच्या ०.६९१ पट असतो, हे त्याने काढलं. ४ ला २.४०५ च्या वर्गाने भागा, तोच आकडा. म्हणजे शून्यबिंदू बर्नुलीचाच, हे मान्य करावंच लागतं.

तरीही एफएमचा खरा पूर्वज मी बेसेललाच मानतो. साखळीत शून्य येतं ते वरचं टोक खिळलेलं असतं म्हणून. एफएममध्ये काहीच खिळलेलं नाही. तिथे एक कोन एकसारखा पुढे सरकतो आणि त्यात एका ज्येची भर-घट होत राहते. आपले पंचांगकर्ते मध्यम ग्रहाला मंदफलाचा संस्कार देऊन मंदस्पष्ट ग्रह काढतात, त्याचीच ही घडण. लाग्रांजने बेसेलच्या आधी केप्लरच्या समीकरणातून अशा श्रेणी काढल्या होत्या, हा आक्षेपही वजनदार आहे. पण त्या श्रेणीच राहिल्या. बेसेलने फलनाची व्याख्याच अशा डुलणाऱ्या कोनाच्या कोज्येची एका फेऱ्यातली सरासरी म्हणून केली. त्या व्याख्येत चलाच्या जागी मॉड्युलेशन इंडेक्स, म्हणजे डेव्हिएशन भागिले स्वराची वारंवारता, ठेवला, की एफएमच्या कॅरियरची आणि एकेका साइडबँडची उंची जशीच्या तशी मिळते.