जळगांवचें काव्यमासिक आणि त्याच्या अंगणांतील कवि

वाङ्मयाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ग्रंथांची नांवें घ्यावयाचीं, अशी आपल्याकडे रूढि पडून गेली आहे. अमक्या सालीं अमका ग्रंथ निघाला, तमक्या सालीं तमका. आणि या दोन सालांच्या मधला काळ जणूं रिकामा गेला! अर्वाचीन मराठी कवितेला हा हिशेब लावूं गेल्यास मोठा घोटाळा होतो. केशवसुत १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें वारले. त्यांच्या कवितांचें पुस्तक हरि नारायण आपटे यांनीं प्रसिद्ध केलें तें १९१७ सालीं. बालकवि ठोमरे १९१८ सालीं गेले; त्यांच्याहि कविता पुस्तकरूपानें एकत्र झाल्या त्या त्यांच्या मागें. ज्या दोघांनीं मराठी कवितेला नवें वळण लावलें, त्यांपैकीं एकालाहि आपल्या कवितांचें पुस्तक हातांत घेऊन पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. मग इतकीं वर्षें ही कविता राहिली कोठें? वाचकांपर्यंत ती पोंचविली कोणीं? आणि पुस्तकाची आशा नसतां नवशिक्या कवीनें लिहीत राहावें, इतका धीर त्याला दिला कोणीं?

या प्रश्नांचें उत्तर शोधूं लागल्यास पुण्यामुंबईच्या मोठ्या छापखान्यांकडून दृष्टि वळवून खानदेशाकडे न्यावी लागते. जळगांव हें कापसाच्या व्यापाराचें आणि रेल्वेच्या रहदारीचें गांव. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ सालीं झाले आणि पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणें जळगांवीं आलें. त्यापूर्वीं हा मानहि धुळ्याकडे होता. अशा गांवीं १८८७ सालीं नारायण नरसिंह फडणीस यांनीं ‘काव्यरत्नावली’ नांवाचें मासिक सुरू केलें. त्यांत कथा नाहीं, कादंबरी नाहीं, राजकारण नाहीं. केवळ कवितेला वाहिलेलें असें हें मासिक होतें. त्या वेळीं आपट्यांचें ‘करमणूक’ निघावयास तीन वर्षें अवकाश होता, आणि का. र. मित्रांचें ‘मनोरंजन’ तर आठ वर्षें दूर होतें.

कवितेसाठीं नियतकालिक काढण्याचा विचार त्या काळीं अगदींच नवा होता असें नव्हे. जनार्दन बाळाजी मोडक आणि काशिनाथ नारायण साने यांनीं १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला होता, आणि पुढें १८९० सालीं मोडक व वामन दाजी ओक यांनीं ‘काव्यसंग्रह’ हातीं घेतला. या मंडळींचे उपकार थोर आहेत. वाड्यांच्या माळ्यांवर आणि मठांच्या दप्तरांत कसर खात पडलेल्या जुन्या पोथ्या त्यांनीं उजेडांत आणल्या. पण तो उद्योग जीर्णोद्धाराचा होता. ज्याच्या कवितेची शाई अद्याप वाळलेली नाहीं, अशा जिवंत कवीनें कोणाचें दार ठोठवावें, हा प्रश्न त्यानें सुटत नव्हता. काव्यरत्नावलीनें हें दार उघडलें. केशवसुत, रेव्हरंड नारायण वामन टिळक, ‘विनायक’ या नांवानें लिहिणारे विनायक जनार्दन करंदीकर या सर्वांच्या कवितांना तिच्या पानांत जागा मिळाली.

छोट्या मासिकाची ही जागा दिसावयास लहान. पण तिचा परिणाम फार खोल असतो. नवा कवि आपल्या खोलींत बसून लिहितो तेव्हां त्याचे शेजारी केवळ त्याच्या कल्पनेंतले असतात. तीच कविता छापून आली म्हणजे तिच्या अलीकडच्या पानावर एक जाणता कवि आणि पलीकडच्या पानावर दुसरा, अशी तिची बसण्याची जागा ठरते. आपला शब्द कोठें पोकळ वाजला आणि शेजाऱ्याचा कसा भरीव वाजला, हें त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं. वडील कवींच्या पंक्तीला बसवून नवख्याला शिकविण्याची ही रीत कोणत्याहि शाळेपेक्षां अधिक परिणामकारक होती. शिवाय वृत्तें, अलंकार आणि संस्कृत काव्यांचे दाखले यांवर पोसलेल्या त्या पिढीला, साध्या भावनेवर आणि स्वतःच्या अनुभवावर कविता उभी राहूं शकते हें पटवून देण्यासाठीं नियम उपयोगी पडले नसते. नमुनेच हवे होते.

मात्र छापील पानानें सर्वच काम भागत नाहीं. त्याच्या मागें माणसाचा सहवास लागतो, आणि तो देणारा मनुष्य या मंडळींत कोण होता हें पाहिलें म्हणजे टिळकांचें नांव पुन्हां पुन्हां पुढें येतें. कृष्णाजी केशव दामले नांवाचा कोंकणांतला विद्यार्थी शिक्षणासाठीं वऱ्हाड-नागपुराकडे गेला असतां नागपुरास त्याची व टिळकांची ओळख झाली. दामले पुढें केशवसुत झाले. टिळक त्यांच्याहून चारपांच वर्षांनींच वडील. पण उगवत्या वयांत तेवढें अंतर पुरतें. पुढें दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. केशवसुतांनीं समाजाच्या जुनाट बंधनांवर प्रहार करणारी कविता लिहिली. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळीं या गोष्टीचा अर्थ काय होता, हें आज समजावून सांगावें लागेल. आप्तेष्ट तुटले, लक्ष्मीबाईंपासूनहि कांहीं वर्षें ताटातूट झाली, आणि ज्या समाजासाठीं कविता लिहावयाची त्याच समाजाच्या पंक्तींतून उठून जावें लागलें.

अशा स्थितींत १९०७ सालीं जळगांवीं, काव्यरत्नावलीच्या गांवीं, महाराष्ट्रांतील पहिलें कविसंमेलन भरलें. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ धंद्यानें लष्करी वैद्य, अभ्यासानें वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर मेजर बसूंच्या सहकार्यानें त्यांनीं केलेला ग्रंथ पुढें प्रसिद्धच झाला. संमेलनास टिळक उपस्थित होते. पंक्तिभेद पाळणारा समाज बाहेर होता. कवितेच्या मंडपांत मात्र धर्मांतर केलेला कवि मानानें बसला होता. याच मंडपांत जवळच्या धरणगांवचा एक सोळासतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, कविता म्हणावयास उभा राहिला. वडील पोलिस खात्यांत नोकर, बदल्या वारंवार, शिक्षणाची घडी कधींच नीट बसलेली नाहीं. परंतु त्याची कविता ऐकून जाणती मंडळी थक्क झाली आणि कीर्तिकरांनीं त्याला ‘बालकवि’ ही पदवी दिली. वनस्पतींची पारख करणाऱ्या वैद्यानें पानाफुलांच्या या कवीला ओळखावें, हा योग मोठा सुंदर म्हटला पाहिजे.

पदवी देणें सोपें असतें. सभा संपते, हारांचीं फुलें सुकतात, आणि मुलगा पुन्हां आपल्या गांवीं एकटा उरतो. किती तरी होतकरू कवि या पहिल्या कौतुकानंतरच्या एकटेपणानें संपले असतील. टिळकांनीं हें ओळखलें आणि ते या मुलाला अहमदनगरास आपल्या घरीं घेऊन गेले. ख्रिस्ती पाळकाच्या घरीं ब्राह्मणाच्या मुलानें राहावयाचें, जेवावयाचें, हें त्या दिवसांत साधें साहस नव्हतें. यांत मुलाचा धोका होता तसा टिळकांचाहि होता. शिष्य वाटविण्यासाठीं घरीं नेला, असा आरोप करावयास जग टपलेलेंच होतें. पण ठोमरे अखेरपर्यंत आपल्या धर्मांतच राहिले. टिळकांनीं त्यांना दिलें तें घर, अन्न आणि कवितेचें बोलणें. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त हा लहरी, हळवा मुलगा त्या घरांत कसा वावरला हें वाचावयास मिळतें. ज्या घरांत धन्यानें पत्नीला स्वतः अक्षरओळख करून दिली, आणि जिनें पुढें पतीच्या मागें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें केलें, त्या घरांत शिकविणें हा वेगळा कार्यक्रम नव्हता. तो तेथील नित्याचा व्यवहार होता.

या गुरुत्वाची खरी कसोटी शिष्याच्या कवितेंत लागते. टिळकांना फुलामुलांचे कवि म्हणतात. त्यांचें फूल ईश्वराकडे बोट दाखवितें, त्यांचें मूल कांहीं उपदेश सुचवून जातें. बालकवींचें फूल कोणाकडेच बोट दाखवीत नाहीं. ‘फुलराणी’ स्वतःच्याच आनंदांत दंग आहे, आणि ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता उपदेशाचा एक शब्दहि न बोलतां मनाला चटका लावून जाते. विषय गुरूचा, दृष्टि शिष्याची. आपल्या छायेंत वाढणाऱ्या रोपानें आपल्यासारखेंच पान धरावें असा हट्ट टिळकांनीं धरला असता, तर मराठी कविता एका टिळकांच्या जागीं दोन टिळक मिळवून बसली असती आणि बालकवि गमावून बसली असती.

या चित्राला एक उणी बाजूहि आहे. ज्या जळगांवीं हें मासिक निघत होतें, त्याच गांवीं शेजारच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी सून म्हणून नांदत होती. जात्यावर आणि शेतांत ती ओव्या रचीत होती. पण तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. तिची कविता पुस्तकरूपानें जगापुढें आली ती तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळें. मासिकाचें दार उघडें होतें खरें. पण त्याचा उंबरठा अक्षरांचा होता, आणि जिला अक्षर ठाऊक नाहीं तिला तो ओलांडतां येत नव्हता. वडील पिढीचें मार्गदर्शन हें मार्गावर दिसणाऱ्यांनाच मिळतें. मार्गापासून दूर शेतांत गाणाऱ्याकडे कोणीं तरी वाट वांकडी करून जावें लागतें.

५ मे १९१८ रोजीं जळगांवाजवळ भादली स्टेशनांत रूळ ओलांडतांना आगगाडीखालीं सांपडून बालकवींचा अंत झाला. त्यांना अठ्ठाविसावें वर्ष चालूं होतें. वर्षभरानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकहि गेले. काव्यरत्नावली मात्र १९३५ पर्यंत चालली. अठ्ठेचाळीस वर्षें केवळ कवितेचें मासिक चालविणें हा व्यवहार धनाच्या आशेनें कोणी करीत नाहीं. तिचे जुने अंक आज ग्रंथालयांतूनहि क्वचितच दृष्टीस पडतात. परंतु शाळेंतला मुलगा जेव्हां जेव्हां ‘औदुंबर’ पाठ म्हणतो, तेव्हां त्यामागें जळगांवचा एक संपादक, एक लष्करी वैद्य आणि नगरच्या घरांतलें एक जास्तीचें पान हीं तिन्ही उभीं असतात.