सिंथेटिक तेल, मोटारसायकलचे
मोटारसायकलच्या इंजिनात खनिज तेलाऐवजी वापरले जाणारे, रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या मूळ तेलाचे वंगण. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) वर्गवारीत पॉलिअल्फाओलेफिन चौथ्या गटात व एस्टर पाचव्या गटात येतात. तिसऱ्या गटातले तेल खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळते. त्याला सिंथेटिक म्हणावे का, याविषयी एकमत नाही.

इतिहास : मोतुल या फ्रेंच कंपनीचे एस्टरयुक्त ‘३००व्ही’ तेल १९७१ मध्ये आले.

क्लच : बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलावर चालतात. कारचे तसे नसते. कारच्या तेलात, विशेषतः इंधनबचतीच्या पातळ तेलात, घर्षण कमी करणारी रसायने असतात. तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांवर ती बसली की क्लच स्लिप होतो. इंजिनाचे फेरे वाढतात, गाडी ओढत नाही. हा दोष त्या रसायनांचा आहे, सिंथेटिक मूळ तेलाचा नव्हे. हा भेद न केल्यामुळे सिंथेटिक तेलाची नाहक बदनामी झाली आहे. जपानी वाहन-मानक संस्थेने १९९८ मध्ये ‘जासो टी ९०३’ हे मानक आणले. त्यातील एमए तेल क्लचला पुरेसे घर्षण देते, एमबी कमी. २००६ मध्ये एमएचे एमए१ व एमए२ असे पोटभाग झाले. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला एमबी चालते. डब्यावर ‘सिंथेटिक’ शब्दाआधी जासोची ही खूण पाहावी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये क्लच व गिअरबॉक्सचे तेल इंजिनापासून वेगळे असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

गिअर : मल्टिग्रेड तेलाचा दाटपणा राखणारे पॉलिमर गिअरच्या दातांत चिरडून तुटतात व तेल पातळ होते. सिंथेटिक मूळ तेलाचा दाटपणा तापमानानुसार मुळातच कमी बदलतो, त्यामुळे पॉलिमर कमी लागतात. मोटारसायकलला याचाच सर्वांत मोठा लाभ होतो.

तेल बदलताना : इंजिन गरम असताना जुने तेल काढावे, फिल्टर बदलावा, ग्रेड पुस्तिकेतलीच ठेवावी. तळाशी उरलेले खनिज तेल नव्यात मिसळून जाते. वेगळे फ्लशिंग लागत नाही. पॉलिअल्फाओलेफिनने रबरी सील किंचित आकसतात, म्हणून त्यात बहुधा एस्टर मिसळलेले असते. नव्या गाडीचे रनिंग-इन खनिज तेलावरच व्हावे, असे अनेक मेकॅनिक मानतात. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसाठी मात्र कंपनीच सिंथेटिक तेल सांगते.

टू-स्ट्रोक : या इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळते; त्यामुळे त्याचा विचार वेगळा.