डांग दरबार : राजे आणि भाडेपट्टा

आमच्या नामपूरहून पश्चिमेला सह्याद्री उतरला की डांग लागतो. होळीपूर्वी आहव्याला भरणारा 'डांग दरबार' पाहायला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. पाच भिल्ल राजे बग्ग्यांतून आले, पावरीवर नाच झाला, पाहुण्यांनी फोटो काढले. एकाने विचारले, "सर, हे खरे की देखावा?"

नाच खराच. हीच पावरी आमच्या बागलाणात डोंगऱ्यादेवाला वाजते. देखावा आहे तो सन्मानाचा. 1842 साली इंग्रजांनी सागासाठी या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. त्याची वार्षिक रक्कम चुकती करण्याचा प्रसंग म्हणजे हा दरबार. पुढे जंगल राखीव झाले आणि त्यात कुऱ्हाड चालवणारा डांगी गुन्हेगार ठरला. 1960 साली डांग गुजरातेत गेला. सालिना आजही मिळतो, आणि पाहणारा त्याला सरकारी औदार्य समजतो. टाळ्या मीही वाजवल्या, इतिहासाचा मास्तर असून!

वास्तविक मला हे आधी दिसायला हवे होते. माझे वडील जत्रेत हलगी वाजवीत. वाजवणाऱ्याला बक्षिसी मिळते, हिस्सा नाही, हे मी घरीच पाहिले होते.

परतताना, घाट चढत असता, तोच विद्यार्थी म्हणाला, "सर, भाडेपट्टा होता, तर मुदत कधी संपली?"