धवलारणीची बिदागी

आम्ही बेलपाड्याच्या बायका बोलतोय. बेलपाडा म्हणजे पनवेल तालुक्यातलं, आता खारघरच्या उंच इमारतींनी वेढलेलं गाव. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आमच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालंय, त्यामुळे नाव तरी आता चार लोकांना ठाऊक आहे.

आज इतिहास सांगायचाय, पण राजाराणीचा नाही. एका नोकरीवर न बसता चार ठिकाणी चार कामं करणाऱ्या बायकांचा, आणि त्यातलंही एखादं काम गळ्याचं, एखादं हाताच्या कलेचं. शहरातली मुलं याला हल्ली 'फ्रीलान्स' म्हणतात. थोडं चित्रकाम, थोडं गाणं, आठवड्यातून दोन दिवस शिकवणी. त्यांना ते नवं वाटतं. आम्हाला मात्र लगेच आमची धवलारीण आठवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी आणि कोळी लग्नात जी गाणी म्हणतात त्यांना धवला किंवा धवले म्हणतात, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. ती नुसती गायिका नव्हे. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत कुठला विधी कधी, कुणाच्या हातून, हे तीच सांगायची. भटजी आमच्याकडे पुष्कळ उशिरा आले. शेकडो ओळी तोंडपाठ, कागद नाही, वही नाही. आईकडून नाहीतर सासूकडून शिकलेलं सगळं गळ्यात.

पण हीच बाई बाराही महिने गात नव्हती. आमच्या समाजाला आगरी म्हणतात ते आगरावरून, म्हणजे मिठागरावरून. पावसात भाताची आवणी, मग कापणी-झोडणी. दिवाळी सरली की मिठागरावरचं काम सुरू, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. अधूनमधून खाडीची मासळी, डोक्यावर पाटी घेऊन बाजार. आणि गंमत बघा, लग्नसराई नेमकी मिठाच्याच हंगामात. दिवसा मिठागरावर उन्हात उभं राहायचं आणि रात्री कुणाच्या मांडवात गळा लावायचा. दोन्ही कामं तिचीच. एकावर घर चालत नव्हतं, पण सगळी मिळून चालत होतं.

सरकारच्या दप्तरात ही बाई कुठे बसली असती? १९८१ च्या जनगणनेपासून वर्षात १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, त्याहून कमी केलं तर सीमांतिक, अशी विभागणी झाली. शेत आणि मीठ धरून आमची धवलारीण पहिल्या रकान्यात गेली असती, शेतमजूर किंवा मजूर म्हणून. गाण्यासाठी जागाच नव्हती. तिनंही ती मागितली नसती म्हणा, कारण गाण्याला ती काम म्हणतच नव्हती. गाणं म्हणजे मान. आणि मानाचा भाव कोण करणार? तांदूळ, नारळ, लुगडं, वर यजमान देईल ते हातावर. बिदागी किती, हे यजमानाच्या मनावर.

मग १९७० साल आलं. त्या वर्षी १७ मार्चला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली. या लढ्याचं नाव घ्यायचं तर दि. बा. पाटील यांचं, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात गेलेल्या पाच हुतात्म्यांचं. त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हे सगळं आपण शाळेत नाही तरी घरात ऐकलेलं आहे. त्यात न सांगितलेली गोष्ट एवढीच, की जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळाला, आणि ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचं होतं. बाईचा मिठाचा हंगाम गेला, भाताचा गेला, त्या दोन कामांचा मोबदला कुणी मोजलाच नाही. तिच्या चार कामांतलं उरलं ते गाणं.

आणि गाण्याचं काय झालं? हातात पैसा आला तशी हळद मोठी झाली. बेंजो आला, मग डीजे. डीजेवाला तारीख धरताना आगाऊ रक्कम घेतो, उरलेली वाजवायच्या आधी. धवलारणीला मात्र आजही "मावशी, या हां, तुमचं बघू" एवढ्यावर बोलावतात. आम्हाला डीजेचा राग नाही, पोरांबरोबर आम्हीही नाचतो. पण त्याच्या कामाला दर आहे आणि हिच्या कामाला नाही, हे खटकतं. कॅसेटच्या काळात लग्नाची गाणी मुंबईच्या बाजारात गेली, तेव्हाही वेष्टनावर कवीच्या जागी 'पारंपरिक' एवढंच छापलेलं आपण पाहिलंय.

असंच वारली चित्रांचं झालं. डहाणू-तलासरीकडे लग्नाच्या घरात भिंतीवर चौक लिहायचा मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं आणि त्याला बाजार मिळाला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या हातात ती ताकद होतीच, त्याबद्दल दुमत नाही. तरी प्रश्न राहतो. जे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं होतं, त्याला किंमत आल्यावर पुढे आलेली नावं जास्त करून पुरुषांचीच कशी?

आता उलट बाजूची एक गोष्ट. दुर्गा खोटे. त्या मुंबईच्या सुखवस्तू, इंग्रजी शिकलेल्या घरातल्या, आमची त्यांची बरोबरी नाही. पण घराची आर्थिक घडी मोडली आणि दोन मुलांसाठी त्यांना कमवायला लागलं. त्या काळी नट-नट्या एका कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' केला, पण तिथेच बसल्या नाहीत. पुढच्या दोन वर्षांत कलकत्त्याला जाऊन दोन वेगळ्या कंपन्यांचे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले. १९३७ मध्ये 'साथी' हा स्वतः काढला. मराठी रंगभूमी केली. पुढे जाहिराती आणि लघुपट काढणारी स्वतःची संस्था उभारली, आणि दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' तिच्यातूनच आली. म्हणजे पडदा, नाटक, जाहिरात, मालिका, सगळी सुटी सुटी कामं. उतारवयात त्या आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहिल्या. त्यांच्याकडे आणि धवलारणीकडे कामांची जुळणी सारखीच होती. फरक कागदाचा. दुर्गाबाईंचं काम कराराने ठरत होतं आणि पाटीवर नाव लागत होतं.

तो कागद आपल्यालाही मिळू शकतो. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क त्यात आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्या सादरीकरणातून कुणी धंदा केला तर रॉयल्टीत वाटा मिळण्याची तरतूद झाली. धवला कुणा एकीच्या मालकीचा नाही, हे खरं. पण तिनं ज्या रात्री, ज्या गळ्यानं तो म्हटला, ते गाणं तिचं. आठवण म्हणून घरच्यांनी मोबाइलवर घेतलं तर हरकत नाही. तेच विकायचं किंवा त्यावर कमवायचं असेल तर आधी तिला विचारावं लागतं.

आम्ही गेल्या लग्नसराईपासून गटाच्या वहीत एक वेगळं पान ठेवलंय. कुणाच्या घरी गायलं, किती रात्री, आधी काय ठरलं, हातात काय आलं, रेकॉर्डिंग कुणी केलं. मेहंदी, रांगोळी, रुखवत आणि गणपतीच्या रंगकामाला जाणाऱ्या मुलीही आता त्याच पानावर लिहितात. दर सांगताना पहिल्यांदा सगळ्यांचीच जीभ अडखळली. एका आजीने तर नारळ आणि लुगडं रकमेत धरायचं की वेगळं, यावर अर्धा तास वाद घातला. शेवटी वेगळं धरायचं ठरलं, कारण तो मान आहे आणि बिदागी ही बिदागी.

तुमच्या गावात किती धवलारणी उरल्यात, त्यांचं वय काय आणि त्यांच्याकडून कोण शिकतंय, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यातल्या ज्यांची तयारी असेल त्यांना इथेच बोलवू, ठरवलेली बिदागी देऊन.