डोळ्यातलं फूल आणि गर्ट्रूडबाईंचं औषध

आज आम्ही एका औषधाचा इतिहास सांगणार आहोत. घरात कुणाचा डोळा लाल झाला की तो तुमच्या उपयोगी पडेल.

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड उठतात. ते हर्पिस नावाच्या विषाणूमुळे. हाच विषाणू डोळ्यातही शिरतो. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्यावर तो झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. जखम खोल गेली तर पांढरा डाग राहतो आणि नजर जाते. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं.

पूर्वी यावर औषधच नव्हतं. डॉक्टर जखमेचा वरचा थर खरवडून काढायचे. पेनिसिलिन आलं, पण ते जिवाणूंना मारतं, विषाणूंना नाही. विषाणू आपल्याच पेशीत घर करतो. त्याला मारायला गेलं तर पेशीही मरणार, मग औषध करायचं कसं?

१९५९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ यांनी आयडॉक्सयुरिडिन हे द्रव्य तयार केलं, तेही कर्करोगासाठी. १९६२ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर हर्बर्ट कॉफमन यांनी ते हर्पिसच्या जखमेवर वापरून पाहिलं, आणि जखमा भरल्या. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. विषाणूवरचं हे पहिलं मान्यताप्राप्त औषध, आणि ते डोळ्यासाठी होतं! पण थेंब दिवसा तासातासाला आणि रात्री दोन-दोन तासांनी घालावे लागत. शिवाय विषाणू कोणता आणि आपली पेशी कोणती, हे त्या औषधाला ओळखता येत नसे. म्हणून ते पोटात घेण्याजोगं नव्हतं.

पुढचं पाऊल पडलं ते गर्ट्रूड एलियन या बाईंच्या गटामुळे. त्या १५ वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगानं गेले, तेव्हाच त्यांनी रसायनशास्त्र शिकायचं ठरवलं. १९३७ साली पदवी मिळाली, पण प्रयोगशाळेत बाईला कोण घेणार? तुमच्यामुळे पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही, असंही त्यांना ऐकवलं गेलं. काही काळ त्यांनी एका खाद्यपदार्थ कंपनीत लोणच्याचा आंबटपणा तपासायचं काम केलं. लोणची घालणाऱ्या आपल्या गटांनी हे लक्षात ठेवावं! १९४४ मध्ये त्यांना औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. पीएच.डी. पूर्ण झाली नाही, तरी काम थांबलं नाही.

१९७०च्या दशकात त्यांच्या गटानं असायक्लोव्हिर पुढे आणलं. त्याची युक्ती अशी. विषाणू आपली पिल्लं वाढवताना माळेसारखे मणी ओवत जातो. असायक्लोव्हिर म्हणजे पुढचं भोक नसलेला मणी. तो ओवला की माळ तिथंच थांबते. आणि हा मणी ओवण्याजोगा करतो तो विषाणूच, त्यामुळे निरोगी पेशीला धक्का फारसा लागत नाही. १९८८ साली एलियनबाईंना नोबेल पारितोषिक मिळालं. आज या औषधाचं डोळ्याचं मलम आपल्याकडेही मिळतं.

हा विषाणू मात्र शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूत झोपून राहतो आणि पुन्हा उठतो. १९९८ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्याचा हर्पिस आधी होऊन गेलेल्यांपैकी वर्षभरात १०० जणांमागे ३२ जणांना तो पुन्हा झाला. असायक्लोव्हिरच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत हा आकडा १९ होता.

आता आपल्या कामाचं. २०२३ च्या पावसाळ्यात आली तशी डोळे येण्याची साथ बहुतेक वेळा वेगळ्या विषाणूंची असते. तिला असायक्लोव्हिर लागू पडत नाही. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. पण डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं, असं झालं तर थांबू नका. डॉक्टर डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहतात, तेव्हा ती फांदी हिरवी चमकते. शेजारणीकडचे उरलेले थेंब कधीच घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली ओसरते, बरं वाटतं, आणि आत विषाणू मोकाट पसरतो.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की ही गोष्ट एकमेकींना सांगा. घरी सासूबाईंनाही सांगा.