२११२ : शेवटी नक्की आलं कोण?

साडेवीस मिनिटांच्या गाण्यातल्या शेवटच्या काही सेकंदांवर माणसं किती वर्षं भांडू शकतात? रश ह्या कॅनेडियन बँडच्या '२११२' चं उदाहरण घेतलं तर जवळजवळ पन्नास वर्षं, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. माझं आणि माझ्या एका मित्राचं तर कॉलेजपासून चालू आहे. तो म्हणतो शेवटी पुजारी जिंकतात. मी म्हणतो हरतात. दोघांनी तेच गाणं शेकडो वेळा ऐकलंय. तर ह्या शनिवारी म्हटलं, एकदा नीट बसून सगळं लिहूनच काढू.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रश म्हणजे तीन माणसं: बेस वाजवणारा आणि गाणारा गेडी ली, गिटारवर अ‍ॅलेक्स लाइफसन, ड्रम्सवर नील पर्ट. गाण्यांचे शब्द पर्टचे. १९७५ साली त्यांचा 'कॅरेस ऑफ स्टील' आला, त्यात एक गाणं बारा मिनिटांचं आणि दुसरं अख्खी एक बाजू व्यापणारं. तो सपशेल आपटला. त्यानंतरच्या दौऱ्याला त्यांनी स्वतःच 'डाउन द ट्यूब्ज' असं नाव दिलं, म्हणजे आपल्या भाषेत 'गाळात चाललेला दौरा'. मर्क्युरी ही रेकॉर्ड कंपनी वैतागलेली होती. आता छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी करा, असा सूर होता. मॅनेजर रे डॅनिएल्सने कंपनीची कशीबशी समजूत काढली, आणि ह्या पठ्ठ्यांनी काय केलं? पुन्हा अख्ख्या बाजूचं गाणं, ह्या वेळी सात भागांचं. बुडायचंच असेल तर आपल्या मनासारखं करून बुडू, असा सरळ हिशोब. पर्ट बँडमध्ये येण्याआधी वडिलांच्या शेतीयंत्रांच्या धंद्यात काम करायचा, म्हणजे परतीचा रस्ताही त्याला माहीत होता.

गोष्ट अशी. साल २११२. सगळे ग्रह 'सोलर फेडरेशन'च्या ताब्यात, आणि काय वाचायचं, काय ऐकायचं हे सिरिंक्सच्या देवळातले पुजारी ठरवतात. एका अनाम माणसाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनं वाद्य सापडतं, गिटार. तो ते पुजाऱ्यांकडे घेऊन जातो. पुजारी वाद्य पायाखाली तुडवून मोडतात. (एलपीच्या आतल्या मजकुरात ह्या पुजाऱ्याचं नाव आहे फादर ब्राउन. निर्मात्याचं नाव टेरी ब्राउन. योगायोग म्हणवत नाही.) मग त्याला स्वप्न पडतं, त्यात ग्रह सोडून गेलेले पूर्वज दिसतात. ते दूर कुठेतरी जिवंत आहेत, परत येऊन ही देवळं पाडणार आहेत. जागा झाल्यावर त्याला आपलं जगणं सोसवत नाही आणि तो मरण पत्करतो. मग शेवटचा भाग, 'ग्रँड फिनाले'. प्रचंड गदारोळ, आणि यंत्रातून आल्यासारखा एक आवाज सगळ्या ग्रहांना उद्देशून तीनदा इशारा देतो, मग आम्ही ताबा घेतलाय असं तीनदा जाहीर करतो. संपलं. 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगितलेलंच नाही!

आता आमच्यासारख्यांना आवडणारी गंमत. इंग्रजीत तो इशारा सात शब्दांचा आहे. तीनदा, म्हणजे २१. घोषणा चार शब्दांची. तीनदा, म्हणजे १२. मोजून बघा. हे ठरवून केलंय की आपोआप झालंय, हा आणखी एक वाद, त्यात मी शिरत नाही.

दुसरं भांडण असतं की हे एक गाणं आहे की सात तुकडे शिवलेली गोधडी. यस किंवा जेनेसिसचे चाहते नाक मुरडतात: 'क्लोज टू दि एज' (१९७२) बघा, सूर कसे फिरून फिरून भेटतात! ते खरं आहे. रशचे सांधे दिसतात. पण 'डिस्कव्हरी' हा तिसरा भाग एकदा हेडफोन लावून ऐका. पाण्याचा आवाज, आणि लाइफसन मोकळ्या तारा छेडतोय, बेसूर. मग हळूहळू खुंट्या पिळून तारा लावतो, मग एक सूर, मग दोन, मग एक छोटीशी धून. ज्याने आयुष्यात गिटार पाहिलेली नाही असा माणूस ती वाजवायला शिकतोय, आणि आपण ते साक्षात ऐकतोय. पुढच्या भागात तो माणूस आणि पुजारी दोघांनाही गेडी लीच आवाज देतो, एक मवाळ, दुसरा किंचाळणारा. दोन्ही बाजू एकाच गळ्यात. मला वाटतं एवढ्यासाठी दिसणारे सांधे माफ.

आता खरी भानगड. एलपीवर आयन रँडच्या प्रतिभेचे आभार मानलेत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर 'फाउंटनहेड' न वाचलेला माणूस शोधावा लागायचा, त्यामुळे मला ते वाचून आपलं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. १९३८ च्या तिच्या 'अँथम' ह्या छोट्या कादंबरीत नायकाला विजेच्या दिव्याचा शोध लागतो आणि विद्वानांची परिषद तो नाकारते. दिव्याच्या जागी गिटार ठेवा, झालं. पर्टचं म्हणणं असं की लिहिता लिहिता साम्य लक्षात आलं, म्हणून श्रेय दिलं.

पण ते श्रेय महागात पडलं. मार्च १९७८ मध्ये लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये बॅरी माइल्सने पर्टच्या मुलाखतीवर लेख लिहिला. त्या काळचं ब्रिटन डोळ्यांसमोर आणा: रस्त्यावर नॅशनल फ्रंट, तिच्या विरोधात 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'ची चळवळ, आणि सगळी तरुण पिढी पंकच्या बाजूने. अशा वेळी कुणी कॅनेडियन ड्रमर सरकारी समाजवादाला नावं ठेवतो आणि रँडचे गोडवे गातो, तर संशय येणं मी समजू शकतो. पण लेख तिथे थांबला नाही. तो नाझींपर्यंत गेला, ऑशविट्झच्या फाटकावरच्या घोषणेपर्यंत.

आणि गेडी लीचे आईवडील दोघंही ऑशविट्झमधून वाचलेले. पोलंडमधले ज्यू, कोवळ्या वयात छळछावणीत गेलेले. पुढे वडील डाखाऊला, आई बर्गन-बेल्सनला. युद्धानंतर त्यांनी एकमेकांना शोधून काढलं, १९४६ मध्ये लग्न केलं आणि कॅनडा गाठलं. 'गेडी' हे नावसुद्धा आईच्या उच्चारातून आलेलं, ती 'गॅरी' तसं म्हणायची. ह्या माणसाच्या बँडवर नाझीपणाचा शिक्का! गाण्यात मोडली जाते ती गिटार, आणि मोडणारे सत्ताधारी. हे न ऐकता फक्त आभारांची ओळ वाचणाऱ्याला मी टीकाकार म्हणणार नाही.

पण रँडभक्तांनीही फार खूश होऊ नये. तिचा नायक पळून जातो, डोंगरात घर शोधतो, नवी सुरुवात करतो. पर्टचा नायक मरतो, तेही सुटका व्हायच्या जरासंच आधी. एकटा माणूस जगाला पुरून उरतो, असं हे गाणं म्हणतच नाही. पर्टने स्वतः २०१२ मध्ये 'रोलिंग स्टोन'ला सांगितलं की आपण रँडचे अनुयायी नाही, ते चाळीस वर्षांपूर्वीचं. (२०२० च्या जानेवारीत तो गेला. असो.)

'सुटका' म्हणालो खरं, पण शेवटी आले ते सोडवणारे कशावरून? पुरावा एकच: 'ओरॅकल', ते स्वप्न. पूर्वज परत येणार हे तिथेच कळतं. आता गंमत बघा. १९७६ मध्येच आलेल्या 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' ह्या लाइव्ह अल्बममध्ये 'डिस्कव्हरी' आणि 'ओरॅकल' दोन्ही गाळलेत. सगळे सात भाग त्यांनी मंचावर वाजवले ते थेट १९९६ च्या दौऱ्यात. म्हणजे वीस वर्षं मैफलीत ज्यांनी हे गाणं ऐकलं, त्यांना पूर्वज कधी भेटलेच नाहीत! त्यांच्यासाठी तो आवाज पुजाऱ्यांचाच असणार.

मी मात्र माझ्या बाजूचा दुसरा साक्षीदार १९८४ च्या अल्बममधून आणतो. 'रेड सेक्टर ए' हे गाणं पर्टने लिहिलं ते लीच्या आईच्या आठवणीवरून. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनला पोचलं, तेव्हा तिला सुटका झालीय हे खरंच वाटेना. बाहेर जग उरलंय ह्यावरच विश्वास नव्हता. बाहेर माणसं असती तर त्यांनी हे होऊ दिलं असतं का, असा तिचा सवाल. हे समजल्यापासून 'ग्रँड फिनाले' मला वेगळा ऐकू येतो. भोंग्यावरून ताबा घेतल्याचं जाहीर करणारा आवाज सोडवायला आलेल्यांचा असला, तरी आतल्या माणसाला तो तसा वाटेलच असं नाही. १९७६ मध्ये पर्टच्या डोक्यात हे होतं असं माझं म्हणणं नाही. पण तो आवाज मैत्रीचा वाटत नाही म्हणून तो पुजाऱ्यांचाच, हा मित्राचा मुख्य मुद्दा होता, आणि तो माझ्यापुरता निकालात निघालाय.

हे सगळं काल रात्री त्याला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, पण पुजारीच आहेत ते." त्याच्याकडे पहिल्यापासून लाइव्ह अल्बमचीच कॅसेट होती.