बंदुकीचा बार आणि माणसाचा कान



तोफेच्या ज्या छिद्राला बत्ती देतात, त्या छिद्रास आपल्या भाषेंत तोफेचा कान असें म्हणतात. शत्रूची तोफ हातीं आली आणि ती ओढून नेणें शक्य नसलें, म्हणजे तिच्या कानांत खिळा ठोकीत. कान बुजला कीं तोफ मुकी झाली. या कानाची महती प्रत्येक गोलंदाजास ठाऊक होती. परंतु त्याच तोफेशेजारीं उभ्या राहणाऱ्या गोलंदाजाच्या स्वतःच्या दोन कानांचें काय होत असेल, याची विचारपूस जगानें फार उशिरां केली. ती कसकशी होत गेली, आणि हौसेनें नेमबाजी करणाऱ्यानें तीवरून कोणता बोध घ्यावा, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

मी मावळांतील कुसगांवचा. लोणावळ्यालगतचें हें गांव. येथून पूर्वेस कांहीं मैलांवर लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले आहेत. मार्च १८१८ मध्यें ते इंग्रजांच्या हातीं गेले. विसापूरवर दहा फूट लांबीची एक लोखंडी तोफ असून तिच्यावर इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब, मुकुट आणि राणी एलिझाबेथच्या नांवाचीं अक्षरें आहेत, अशी नोंद पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत सांपडते. एखाद्या इंग्रजी जहाजावरची लूट म्हणून ती येथवर आली असावी, असा तेथें तर्क केला आहे. तिला गाड्यावर पेलून धरणारे बाजूचे खुंट तोडून ती निकामी केल्याचेंही तेथें नमूद आहे. तोफ कोणाची, कोठची, कशी मोडली, हें सर्व लिहिलेलें आहे. ती डागणाऱ्याचें नांवही कोठें नाहीं. मग त्याच्या कानांची कथा कोठून असणार?

आमच्या घरांत मात्र ती कथा प्रत्यक्ष नांदत होती. माझे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धांत फौजेंत होते. आम्ही मुलें त्यांस आबा म्हणत असूं. त्यांच्या उजव्या बाजूस बसून बोललें तर ते नीट उत्तर देत. डाव्या बाजूनें हांक मारली तर दोन-दोनदां मारावी लागे. जेवतांना आई त्यांचें पान नेहमीं भिंतीलगत अशा बेतानें मांडीत असे, कीं माणसें त्यांच्या उजव्या हातास यावींत. “आबा, तुमचा हाच कान कां हो गेला ?” असें मीं एकदां विचारलें. ते हंसून म्हणाले, “अरे, बंदूक उजव्या खांद्याला लावायचों ना !” मला त्या उत्तराचा कांहींच उलगडा झाला नाहीं. तो पुष्कळ वर्षांनीं झाला.

ही आठवण आतां निघण्याचें कारण माझी नात. बालेवाडीच्या शिवछत्रपति क्रीडासंकुलांतील नेमबाजीच्या मैदानावर ती जाऊं लागली आहे. प्रारंभीं हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल तिच्या हातीं होती; आतां काडतुसाच्या बंदुकीचा सराव सुरू व्हावयाचा आहे. “आजोबा, कानांत घालायचे बोळे घेऊं, कीं कानांवर बसणारे मफ घेऊं ? जास्त चांगलें काय ?” असें तिनें मला विचारलें. प्रश्न दुकानांतला होता. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला चारशें वर्षें मागें जावें लागलें.

विजापूरची मुलुखमैदान तोफ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. ती १५४९ मध्यें अहमदनगरास निजामशाहीच्या पदरीं असलेल्या रूमी नांवाच्या तुर्की कारागिरानें ओतली. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि तेथून १६३२ मध्यें विजापुरास नेण्यांत आली. लांबी चौदा फुटांवर आणि वजन सुमारें पंचावन्न टन. ती ज्या बुरुजावर ठेविली तेथें पाण्याचें एक टांकें आहे. तोफेस बत्ती देतांच गोलंदाज त्या टांक्यांत बुडी मारून बसे, कीं आवाजानें त्याचे कान फुटूं नयेत, अशी तेथील परंपरा सांगते. परंपरेंतली ही युक्ति पदार्थविज्ञानाच्या कसोटीसही उतरते. कारण हवेंतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशीं परत फिरतो. म्हणजे कान राखावयाचे असतात, ही जाणीव आपल्या मुलखांत कांहीं नवी नव्हे. फक्त ती एका प्रचंड तोफेपुरती राहिली. हातांतल्या बंदुकीसाठीं कोणीं टांकें बांधिलें नाहीं.

इतरत्र तरी काय होतें ? १७८२ मध्यें वेस्ट इंडीजमधील आरमारी लढाईंत इंग्रज सेनापति रॉडनी याच्या जहाजावरून तोफांच्या कित्येक फैरी झडल्या, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यास ऐकूं येईना. १८३१ मध्यें फॉस्ब्रोक नांवाच्या इंग्रज वैद्यानें लोहारांच्या बहिरेपणाविषयीं लिहिलें, आणि रोजच्या ठोक्यानें हळूहळू येणारें बहिरेपण वैद्यकाच्या नोंदींत आलें. हिरम मॅक्सिम यानें १८८४ च्या सुमारास आपोआप चालणारी मशिनगन सिद्ध केली. उतारवयांत तो स्वतः तिच्याच आवाजानें ठार बहिरा झाला. पुढें त्याच्या मुलानें बंदुकीचा आवाज दाबणारें साधन काढिलें व १९०९ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. बापाच्या यंत्रानें कान गेले आणि मुलानें आवाजावर झांकण शोधिलें, असा हा योग आहे. तथापि एकंदर समजूत अशीच राहिली, कीं शिपायाचें बहिरेपण हें त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यासारखें मानानें मिरवावयाचें लक्षण आहे.

ही समजूत चुकीची कां, हें कळण्यास कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. आंतल्या कानांत शंखासारख्या वेटोळ्यांत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानांत त्या साधारण पंधरा हजार भरतात. आवाजाच्या लाटेनें हे केस डोलतात आणि त्यांतून मेंदूस संदेश जातो. माणसाच्या कानांतील या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. डोळ्यास पापणी आहे. कानास ती नाहीं. कानांत एक चिमुकला स्नायु मोठ्या आवाजास आवरण्यासाठीं आंखडतो खरा, परंतु बंदुकीचा बार सेकंदाच्या कांहीं हजाराव्या भागांत होऊन जातो आणि हा पहारेकरी चोर पळाल्यावर जागा होतो.

आवाजाचें मोजमाप डेसिबेलांत करितात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या नांवावरून हें माप पडलें. आणि त्याची आई व पत्नी या दोघींसही ऐकूं येत नव्हतें, हें सहज आठवतें. आपलें नेहमींचें बोलणें साधारण साठ डेसिबेल. कारखान्यांत दिवसाचे आठ तास पंचाऐंशीपर्यंतचा आवाज चालवून घेतात. त्यापुढें दर तीन डेसिबेलांस आवाजाची शक्ति दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी धरितात. एका क्षणाच्या धडाक्याची मर्यादा मोठ्या माणसांस एकशें चाळीस व मुलांस एकशें वीस अशी जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितली आहे. आतां पाहा : पॉइंट टू-टू ही लहान काडतुसाची रायफल एकशें चाळिसाच्या आसपास पोहोंचते, मोठ्या काडतुसाच्या रायफली, पिस्तुलें आणि छर्‍याच्या बंदुका दीडशें ते एकशें सत्तरपर्यंत जातात.

आबांच्या उत्तराचा उलगडा येथें होतो. उजव्या खांद्यास बंदूक लाविली म्हणजे डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो आणि उजवा डोक्याच्या आडोशास राहतो. म्हणून रायफलवाल्याचा डावा कान बहुधा आधीं जातो. जातांना तो प्रथम उंच पट्टीचे सूर गमावितो. आवाज येतो, पण स, श, फ अशीं अक्षरें पुसट होतात. घरचीं माणसें म्हणतात, “यांचें लक्षच नसतें.” लक्ष असतें, अक्षरें पोहोंचत नाहींत. आबांचें अर्धें आयुष्य असल्या गैरसमजांत गेलें.

कान राखण्याचीं साधनें मुख्यतः गेल्या शतकांतलीं. १९०७ च्या सुमारास बर्लिन येथें मॅक्स नेग्वर यानें मेण व कापूस यांचे बोळे विकण्यास आरंभ केला. त्याचें बीज त्यास होमरच्या महाकाव्यांतील, खलाशांच्या कानांत मेण घालणाऱ्या युलिसिसच्या कथेंत मिळालें. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश फौजेंत मॅलॉक-आर्मस्ट्राँग नांवाचीं कठीण रबराचीं कर्णरक्षकें आलीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें निरनिराळ्या मापांचे रबरी बोळे सैनिकांसाठीं काढिले. १९६७ च्या सुमारास दाबला असतां बारीक होणारा आणि कानांत हळूहळू फुगणारा फोम निघाला, आणि आज रेंजवर दिसणारे पिवळे-नारिंगी बोळे त्याच्याच वंशांतले होत.

याच काळांत आपल्याकडे बंदूक रणांगणाबाहेर खेळाच्या मैदानावर स्थिरावत होती. १९५१ मध्यें राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापति गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर, म्हणजे अहमदाबादेस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतले गृहस्थ होते. नवोदितांची एक मोठी स्पर्धा त्यांच्याच नांवानें भरते. पुढें अंजली भागवत यांनीं २००० मध्यें सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत स्थान मिळविलें, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्यें म्युनिक येथें पन्नास मीटर रायफल प्रोनमध्यें जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारांत ऑलिंपिकचें कांस्यपदक आणिलें. तेव्हांपासून पुष्कळ घरांत मुलांच्या हातीं रायफल येऊं लागली आहे, आणि म्हणूनच हा विषय आतां घरोघरचा आहे.

तर निवड कशी करावी ? पहिली गोष्ट ही, कीं साधा कापूस हें साधन नव्हे. तो आवाज फारच थोडा अडवितो आणि मनास मात्र खोटा धीर देतो. दुसरी गोष्ट वेष्टनावरच्या आंकड्याची. तेथें तीस डेसिबेल लिहिलें असलें तरी तो प्रयोगशाळेंत, जाणत्या हातांनीं बसविल्यावरचा आंकडा असतो. अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेचा सल्ला असा, कीं प्रत्यक्ष व्यवहारांत मफचा आंकडा चतुर्थांशानें आणि फोमच्या बोळ्यांचा निम्म्यानें कमी धरावा. दोष साधनाचा कमी, बसविण्याचा जास्त. स्वच्छ हातांनीं बोळा बारीक वळावा, दुसऱ्या हातानें कान वर व मागें ओढावा, बोळा आंत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानें धरून ठेवावा. बाहेर लोंबणारा बोळा कापसाहून फारसा बरा नव्हे. मुलांच्या कानाचें भोंक लहान असतें, म्हणून लहान मापाचाच घ्यावा.

मफ लावणें सोपें आणि ते नीट बसले कीं नाहींत हें दुसऱ्यासही दिसतें. परंतु चष्म्याची दांडी, केंस किंवा टोपी मध्यें आली तर त्या फटींतून आवाज शिरतो. रायफलवाल्याची अडचण आणखी एक : गाल दस्त्यावर टेकतांच उजव्या कानावरील वाटी दस्त्यास लागून उचलली जाते. त्यास पातळ वाट्यांचे मफ किंवा बोळेच सोयीचे. मोठ्या काडतुसास, अथवा जेथें छपराखालीं व भिंतींमुळें आवाज परतून येतो तेथें, बोळे व मफ दोन्ही लावावेत. मात्र दोहोंच्या आंकड्यांची बेरीज करूं नये. अधिक चांगल्या साधनावर सुमारें पांच डेसिबेलांचीच भर पडते. आतां वीजयंत्राचे मफही मिळतात, जे शिक्षकाचें बोलणें ऐकूं देतात व बार अडवितात. सरावास ते उत्तम; परंतु आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें आवाज ग्रहण करणारें साधन स्पर्धेंत खेळाडूस किंवा त्याच्या शिक्षकास चालत नाहीं. म्हणून त्याच्यावरच संवय बसवूं नये. शेवटची गोष्ट, शेजारच्या मार्गिकेंतला बारही आपल्याच कानांत येतो. आपली पाळी संपली म्हणून मफ उतरवूं नयेत. आणि मुलांस पाहावयास आलेल्या आईबापांनींही कान झांकावेत.

नातीस मीं हें सर्व सांगितलें नाहीं. “जें तूं प्रत्येक बाराला, दोन्ही कानांना, नीट लावशील तें चांगलें,” एवढेंच सांगितलें, आणि तिच्याबरोबर जाऊन लहान मापाचे बोळे व पातळ वाट्यांचे मफ दोन्ही आणिले. तिनें ते लाविले आणि मीं डाव्या बाजूनें हांक मारली. ती वळली नाहीं. क्षणभर मला आबांची आठवण झाली. मग तिनें बोळे काढिले, मीं त्याच बाजूनें अगदीं हलक्या आवाजांत पुन्हां हांक मारली, आणि ती लगेच म्हणाली, “काय आजोबा ?”

आबांना युद्धानें विचारलें नव्हतें. विसापूरच्या गोलंदाजासही कोणीं विचारलें नसेल. नेमबाजी हौसेनें करणाऱ्यास मात्र विचार करण्यास वेळ आहे, साधन आहे आणि त्याचें मोल त्याच्या काडतुसांहून फारसें अधिक नाहीं. नेम चुकला तर पुढच्या गोळीस सुधारतां येतो. कानास दुसरी गोळी मिळत नाहीं.